अकरा आणि आडवी रेघ

सोमवार, ३ नोव्हेंबर. होसूर.

कंपनीनं दिवाळीला मिठाईचा डबा आणि ही वही दिली. डबा दुसऱ्या दिवशी संपला, वही तशीच पडून होती. शेफाली म्हणाली, "गोरख, तू दिवसभर जेवढं बडबडतोस त्यातलं निम्मं हिच्यात लिही. आम्हाला निम्मंच ऐकावं लागेल."

शेफाली बेळगावकडची. गोडाउनच्या हापिसात खोक्यांवरची लेबलं काढते. अख्ख्या गोडाउनमध्ये मराठी बोलणारी आम्ही दोघंच. मी खोकी उचलतो. जेवणाच्या सुट्टीत तिचा कंप्युटर रिकामा असतो, तेव्हा ती मला पायथन, म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा, शिकवते. मी नववी नापास. तिला तसं सांगितलं तर म्हणाली कंप्युटर मार्कलिस्ट मागत नाही.

तीन वर्षांत हे माझं चौथं गाव. चाकण, सूरत, हैदराबाद, आता होसूर. हितंही आता पाय खाजवायला लागलेत. सुपरवायझर म्हणालाय, लेबलाचं काम जमलं तर पुढच्या वर्षी खुर्चीवर बसवतो. खुर्ची पाहिजे. पण बसवलं की बसवेल का मला, ते माहीत नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

साधनाचा फोन. साधना माझी धाकटी बहीण, भोरला कॉलेजात जाते, शनिवार-रविवार वर वस्तीवर. आमची वस्ती हिर्डोशीच्याही वर, तास-सव्वा तास चढ.

या वर्षी नऊ शेळ्या विकायच्यात. शिवऱ्याचा व्यापारी रखमाजी घेणार. त्यानं मोबाईलवर फॉर्म काढलाय. त्यात घराचा नंबर वेगळा टाकायचा आणि जनावराचा वेगळा, नुसता आकडा. आपल्याकडं तर बायकांच्या गटानं शेळ्यांच्या कानातल्या बिल्ल्यावर दोन्ही एकत्र घातलेत. आमचं घर अकरा. म्हणून ११-५७, ११-६३ असं. मेलेल्या, विकलेल्या जनावराचा नंबर आई दुसऱ्याला देऊ देत नाही, त्यामुळं आता आकडा शंभराच्या वर गेलाय.

साधना म्हणाली, "नऊच तर हायत. ११ आणि रेघ सोडून बाकीचं लिहिते हातानं."

मी म्हणलं, "हातानं काय लिहितीस येड्यागत? म्या प्रोग्राम करून देतो."

"नऊ नंबरला प्रोग्राम?"

"पुढच्या साली सगळ्या वस्तीची यादी घालता येईल. तू नुसती यादी पाठव."

"बरं बाबा, तू मोठा साहेब." आणि हसली. ते हसणं मला लागलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

झालं! सुट्टीत बसून केलं. जेवलोच नाही.

पायथनमध्ये एलस्ट्रिप म्हणून एक आहे. त्याला सांगायचं, शब्दाच्या डाव्या बाजूनं हे हे काढ. मी सांगितलं ११ आणि रेघ काढ. ११-५७ घातलं, ५७ आलं. ११-६३ चं ६३. ११-८८, ११-९२, ११-७१, सगळी बरोबर. पाच बघितली. मग सुट्टी संपल्याची बेल झाली.

शेफालीला दाखवायचं राहिलं, ती बँकेत गेली होती. तयार यादी साधनाला व्हॉट्सॅपवर टाकली. तिनं ती तशीच रखमाजीच्या फॉर्ममध्ये चिकटवली. मी म्हणलं, बघ, एका सेकंदात. ती म्हणाली, कळव मला सेकंदाला किती पगार वाढतो.

दिवसभर खोकी हलकी लागली.

रविवार, ९ नोव्हेंबर

काय लिहू.

सकाळी रखमाजीचा टेम्पो हिर्डोशीपर्यंत आला आणि दोन माणसं वर वस्तीवर गेली. आई आणि आबा आंबवड्याला साखरपुड्याला गेले होते. साधना भोरातच थांबली होती, परीक्षा आहे. शेजारच्या रतनबाईला सांगून ठेवलं होतं, माणसं आली की कुडाचं दार उघड. ती माणसं मोबाईलमध्ये बघून बिल्ल्यांचे नंबर लावत गेली आणि नऊ जनावरं घेऊन गेली.

नवातलं एक ४ नंबरचा बोकड.

४ नंबर विकायचा नव्हताच. तो देवाचा आहे. मी घर सोडलं त्याच महिन्यात आईनं तो भैरवनाथाच्या नावानं सोडला. त्याला कुणी विकत नाही, मारत नाही, कुणाच्या शेतात शिरला तरी दगड मारत नाही. नवस फिटला की देवाला द्यायचा. नवस कशाचा आहे ते फिटेपर्यंत तोंडानं सांगायचं नाही, तशी आमच्यात रीत. आबांचा पाय त्याच सुमाराला म्हशीनं तुडवला होता, म्हणजे आबांच्या पायाचाच असणार. पाय अजून सरळ पडत नाही.

साधना फोनवर रडत होती. म्हणाली, "रतनबाई बोलली त्यांला, ह्यो देवाचा हाय म्हणून. तर त्यांनी मोबाईल दाखवला. म्हणले, तुमच्या गोरखनंच लिवून धाडलंय, चार नंबर. मंग ती गप बसली."

"गप का बसली? वस्तीतल्या शेंबड्या पोराला ठाव हाय त्यो बोकड कुणाचा."

"ती म्हणती, गोरखनंच स्वतः लिहिलंय म्हणल्यावर मला वाटलं नवस फिटला."

रतनबाईचं डोकंच तसं. मी लिहिलं म्हणून नवस कसा फिटेल?

मी साधनालाच झापलं. तूच यादीत चार घातला असशील म्हणलं. तिनं फोन ठेवला.

सोमवार, १० नोव्हेंबर

साधनानं काही चुकवलं नव्हतं. तिच्या यादीत ११-११४ होतं. चार कुठंच नव्हता.

शेफालीला सुट्टीत दाखवलं. तिनं प्रोग्रामकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, मग डबा बंद केला.

"तुला वाटलं, हे अकरा-आणि-रेघ असा एक तुकडा काढतंय?"

"व्हय. मंग?"

"नाही रे. एलस्ट्रिपला तुकडा कळत नाही. त्याला तू दोन चिन्हं दिलीस, एक आणि रेघ. ते डावीकडून सुरुवात करतं आणि एक किंवा रेघ दिसेल तोपर्यंत खातच जातं. ५७ पाशी आलं, पाच दिसला, थांबलं. ११४ पाशी आलं, एक दिसला, खाल्ला. अजून एक, खाल्ला. मग चार."

कागदावर लिहून एकेक आकडा खोडून दाखवला. ११-११४. खोडत खोडत चार उरला.

मी म्हणलं, "मग तुकडा काढायचा असला तर?"

"त्याला रिमूव्हप्रीफिक्स आहे. तेवढाच तुकडा काढतं, तोही तसाच्या तसा सुरुवातीला असला तरच. नसला तर हातसुद्धा लावत नाही." मग म्हणाली, "पाचच्या ऐवजी नऊ बघितले असतेस तरी कळलं असतं."

शंभराच्या वरचं यादीत ते एकच होतं. मी नेमकं तेच बघितलं नाही. साधनानं हातानं लिहिलं असतं तर दोन मिनिटांत बरोबर झालं असतं. हे मी इथं लिहितोय, तिला अजून सांगितलेलं नाही.

संध्याकाळी आईचा फोन. वाटलं आता शिव्या बसणार. आईनं विचारलं, "जेवलास का?" मी म्हणलं, जेवलो. "थंडी पडलीया का तिकडं?" म्हणलं, नाही. मग मीच म्हणलं, आई, बोकड माझ्यामुळं गेला, साधनाचं काही चुकलं नाही. आई म्हणाली, "आसूं दे. तू कवा येतुयास?"

दर फोनला हेच विचारते. बोकड गेला तरी हेच.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

रखमाजीला फोन लावला. चौथ्या वेळेला उचलला.

"व्हय, हायती जनावरं हितंच शिवऱ्यात. सुक्कीरवारी दुपारी मोठी गाडी भरणार, मंग आपला संबंध संपला."

मी म्हणलं, त्यातला एक बोकड देवाचा आहे, चुकून आला. त्याच्या बदली आमची ११४ घ्या.

"देवाचा म्हणतुयास तर मला बी न्हाई पचायचा. पर लेका, दीड-दोनशे जनावरं हायती वाड्यात, आन् बिल्ले आमी आल्या-आल्या काढून टाकतो. कुठला तुझा देवाचा आन् कुठला हाटेलवाल्याचा, म्या कसा वळखू? घरचं मानूस धाडून दे. वळकून घेऊन जावा."

साधनाला सांगितलं. आबांना तो पाय घेऊन जमणार नाही. साधनाचा गुरुवारीही पेपर आणि शुक्रवारीही. मी म्हणलं, आईला सांग, शिवऱ्यापर्यंत तर जायचंय, भोरातून बस आहे.

अर्ध्या तासानं साधनानं परत फोन केला. "आईला म्हणलं. आई म्हणती मला न्हाई जमत, त्याची चूक हाय तर त्यालाच येऊं दे."

"तिला काय झालंय न जमायला? डोंगर उतरती-चढती रोज."

"मला काय इचारतो? आबा म्हणले म्या लंगडत जातो, तर आबांवरच खेकसली."

म्हणजे रागात आहे. फोनवर दाखवत नाही एवढंच.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सुपरवायझरकडं रजा मागितली. म्हणाला, कशाला? बोकड हरवला म्हणालो. शेफालीनं भाषांतर केलं तर अख्खं हापिस हसलं. एक जण बोकडासारखा ओरडला. सुपरवायझर म्हणाला, मंगळवारी सकाळी कामावर दिसला नाहीस तर खुर्ची दुसऱ्याला. सोमवारी दुपारच्या परतीच्या गाडीचं तिकीटही आजच काढलं.

बॅग सगळी भरली. खोलीला कुलूप नाही, आणि नवीन आलेली दोघं माझे शर्ट घालतात. म्हणून सगळेच कपडे, चादर, तवासुद्धा घेतला.

खरं सांगायचं तर भीती वाटते. तीन वर्षांत घरी गेलो नाही. पहिल्या वर्षी रजा नव्हती, दुसऱ्या वर्षी सूरतेचं काम सुटलं होतं, रिकाम्या हातानं काय जायचं, आणि यंदा तर कारणही शोधलं नाही. वर चढलो की तो डोंगर, ती म्हसरं, तेच सगळं अंगावर येईल आणि मी पुन्हा पळेन असं वाटतं. आणि तीन वर्षांपूर्वी दुडकत होता तो बोकड आता कसा दिसतो, तेही मला माहीत नाही. हे रखमाजीला सांगितलेलं नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. वस्तीवर.

पुण्याला जाणारी गाडी हायवेवर शिवऱ्यालाच थांबली. सकाळी आठला उतरलो. रखमाजीचा वाडा रस्त्याला लागूनच, वर पत्रा, खाली नुसती शिंगंच शिंगं.

रखमाजी चहा पीत बसला होता. माझी बॅग बघून म्हणाला, "बोकड बसवून न्यायचा काय हिच्यात?" मग म्हणाला, "जा. वळख."

मी आत गेलो. आपला काळा एवढंच आठवत होतं, आणि काळे बोकड वीस-पंचवीस तरी होते. एकाच्या कपाळाला हात लावला, त्यानं ढुशी दिली. दुसऱ्याकडं गेलो तर पळाला.

रखमाजी कुडावर हात टेकून बघत होता. "कवापासून बघितला न्हाईस?"

"तीन वर्सं."

"तीन वर्सं! मंग त्यो बी इचारत आसंल, ह्यो पावना कोन."

त्याची माणसं हसली. बारा वाजता गाडी भरणार होती. मग डोक्यात आलं. आईला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि म्हणलं, आई, संध्याकाळी शेळ्यांना हाक घालतीस तशी घाल.

"आता? हितं कोन न्हाई. शेळ्या रानात हायती."

"हितं हायती. घाल."

आईनं घातली. ड्यूर्र ड्यूर्र करून लांब हेल, मी लहानपणापासून ऐकलेला. माझ्याच अंगावर काटा आला.

दीड-दोनशे जनावरांत नऊ माना वर झाल्या. मग नऊच्या नऊ गर्दीतून वाट काढत माझ्याकडं आली आणि मोबाईलचा वास घ्यायला लागली. आठ शेळ्या आणि एक बोकड. आता कुणालाही विचारायची गरज नव्हती. मोठाच्या मोठा झालाय, शिंगं मागं वळलेली, दाढी पांढरी.

रखमाजीचं हसणं थांबलं. म्हणाला, "ने बाबा. ११४ म्या फुडच्या फेरीला उचलतो." आणि बोकडाच्या गळ्यात स्वतःच दोरी घातली.

बोकड घेऊन निघालो तर आठ शेळ्या कुडापर्यंत मागं आल्या. फोन अजून चालूच होता. आई विचारत होती, "आली का? समदी आली का?" मी म्हणलं, बोकड आला. बाकीच्यांचं काही बोललो नाही.

एका भाजीच्या टेम्पोनं भोरला सोडलं. तिथं एसटीचा कंडक्टर बोकडाला घेईना. म्हणाला, "याचं अर्धं तिकीट फाडू का पुरं?" मागनं एक म्हातारी म्हणाली, "दाढी हाय त्याला, ज्येष्ठ नागरिक हाय त्यो." तरी घेतला नाहीच. शेवटी दुधाच्या पिकअपनं हिर्डोशीला आणलं. वर दोघंही चालत आलो. बोकड पुढं, मी मागं. वाट त्यालाच जास्त ठाऊक होती.

आई दाराबाहेर उभी होती. मला वाटलं पहिलं बोकडाला जवळ घेईल. तिनं दोरीकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्या खांद्यावरची बॅग उतरवून घेतली. उचलून बघितली. "लई जड हाय रं," म्हणाली. "समदंच आणलंयस?"

मी म्हणलं, "व्हय, समदं." कुलपाचं सांगत होतो, तोवर ती बॅग घेऊन आत गेली.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आईला राग आलेला नाही. काय आलंय तेच कळत नाही. सकाळी उठलो तर माझ्या बॅगेतले सगळे कपडे धुऊन वाळत घातलेले, स्वच्छ होते ते पण. तवा तिच्या मांडणीवर. कोपऱ्यातली भाताची पोती हलवून माझी खाट भिंतीला लावली. आबांना म्हणाली, दोन म्हशी याच्याकडं द्या, तुमी बसा आता.

आबा म्हणाले, "आगं, त्याला इचार तरी."

"काय इचारायचंय? पोरगं आलंय न्हवं?"

दुपारी साधना भोरातून वर आली. तिच्यासमोर प्रोग्रामचं सगळं सांगितलं. कागदावर ११-११४ लिहून शेफालीनं खोडलं तसं खोडून दाखवलं. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "म्हंजी तू त्याला काय काढायचं ते सांगितलंस, पर कुठं थांबायचं ते सांगितलं न्हाईस."

सूरत, हैदराबादमध्ये एवढे सुपरवायझर बघितले, पण एवढ्या सोप्या भाषेत कुणी सांगितलं नाही.

संध्याकाळी आई रतनबाईला सांगत होती, "उद्या रविवार हाय. भैरवनाथाला जायचं. बोकड द्यायचा." रतनबाईनं माझ्याकडं बघून पदर डोळ्याला लावला.

मी आबांचा पाय बघितला. होता तसाच आहे. उलट थोडा जास्तच ओढतात. मग नवस फिटला कसा? विचारावं वाटलं, पण सांगायची रीत नाही. देवाला दिल्यावर सांगेलच. आणि खरं तर बोकडाबद्दल वाईट वाटतंय. एवढं आणलं वाचवून ते दोन दिवसांत कापायला?

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळी बोकडाला आंघोळ घातली. कपाळाला हळद लावली, गळ्यात झेंडूची माळ. आबांनी पटका बांधला. रतनबाई नारळ घेऊन आली. आम्ही निघायच्या बेतात होतो.

आई माझा वाळलेला शर्ट घडी करत होती. मी म्हणलं, "आई, ते कपडे मांडणीवर नको, बॅगेतच घाल. उद्या गडबड व्हईल."

"उद्या कशाची गडबड?"

"दुपारची गाडी हाय की माझी. शिवऱ्यावरनं. मंगळवारी कामावर जायाचंय."

आई शर्ट हातात धरून उभी राहिली. साधना माझ्याकडं बघायला लागली. रतनबाई नारळ पदराखाली घेऊन कुडाकडं तोंड करून उभी राहिली.

"तिकीट काढलंयस?" आईनं विचारलं.

"येतानाच काढलं."

तिनं शर्टाची घडी पुरी केली. बॅगेत ठेवला. मग बाहेर आली, बोकडाच्या गळ्यातली माळ काढली आणि त्यालाच खायला घातली. दोरी सोडून दिली. तो गेला शेळ्यांत.

मी म्हणलं, "आगं, देवाला जायाचं न्हवं?"

"आज नगं."

"का? माझ्यासाठी नका थांबवू. म्या येतो की संगं, गाडी उद्या हाय."

"अजून टायम हाय त्याला," आई म्हणाली आणि म्हशींकडं गेली.

आबांनी पटका सोडला. मला म्हणाले, "च्या पितूस का?" एवढंच.

आबांच्या पायाचंच असणार. तिलाही दिसलं असेल काल, पाय काही सुधारला नाही, उगीच घाई केली. बरं झालं वेळेत लक्षात आलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर. शिवरे, बस थांब्यावर.

गाडीला अजून वीस मिनिटं आहेत. उभं राहवत नाही, बसवत नाही, म्हणून लिहितोय.

आई हिर्डोशीच्या स्टॉपपर्यंत खाली आली. सोडायला कधी येत नाही. बोकड मागं मागं आला होता, तिनं हाकलला नाही. तवा बॅगेत नाही हे मला भोरात कळलं. आईनं ठेवून घेतलाय. फोन केला तर म्हणाली, "आसूं दे हितं. तुजा तुला लागंल तवा सापडंल." आता होसूरला नवा घ्यायला लागणार.

एसटी यायच्या आधी मी तिला म्हणलं, "एक बरं झालं आई. माझ्या चुकीनं गेलेला बोकड परत आला आन् वाचला पण."

"व्हय. वाचला."

"आता किती वर्सं जगंल?"

"तीन-साडेतीन वर्साचा झाला. जपला तर अजून पाच-सात जगंल." बोकडाच्या पाठीवरचं कुसळ काढत म्हणाली, "तेवढ्यात हुतंय का बघू."

काय व्हायचंय ते विचारणार होतो. तेवढ्यात एसटी आली, आणि मी पळत जाऊन खिडकीची जागा धरली.